गेटवरची टिटवी

२२ मार्च
शकीलभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन आले. अंबाडी नाक्याच्या अलीकडे, टायरवाल्याच्या बाजूला. फोनमधला फोटो मोठा करून दाखवला. यांच्या फौजी टोपीवरचा बिल्ला. शकीलभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला आणि म्हणाले, "भाभी, ये मुर्गी है क्या?"

म्हटलं, मुर्गी नाही, भारद्वाज आहे. आणि पलटणीचं निशाण आहे, तेव्हा जरा इज्जतीत घ्या.

हसले. गेटसाठी पत्र्यात कापून देतो म्हणाले. पाखरू, त्याच्या पायाखालचे तीन गोळे, खाली पट्टी, पट्टीवर अक्षरं: सब सोएँ, हम जागें. फोटोत दिसतं तसंच, रंगासकट. एक रेघ इकडची तिकडे नको, असं तीनदा बजावून आले.

३० एप्रिलला हे पेन्शनवर येतायत. कायमचे! लग्नाला वीस वर्षं झाली, पण सुट्ट्यांची बेरीज केली तर आमचा संसार अजून नवाच निघेल. राहनाळला गोडाऊनच्या ड्युटीला जाताना रस्त्यावरच्या फौजींच्या घरांची गेटं बघते मी रोज. कुणाच्या गेटवर तलवारी, कुणाच्या तोफ. आमचं गेट म्हणजे बांबू आणि तार. आता बघाच.

यांना कळू द्यायचं नाही. लेकीला, तन्वीला, दम दिलाय. कॉलेजात गेली तरी पोटात काही ठरत नाही तिच्या.

२६ मार्च
खांबांसाठी खडी आली. ट्रॅक्टरवाल्याने शेताच्या बाजूला ढीग ओतला आणि पळाला. आईंनी विचारलं, कशाला ही? सांगावंच लागलं. सासूपासून खडीचा ढीग लपवणारी सून अजून जन्मायची आहे.

आई एवढ्या खूश झाल्या की मलाच लाजल्यासारखं झालं. भारद्वाज म्हणजे शुभ शकुन. हे भरती झाले तेव्हा टोपी दाखवून म्हणाले होते, आई, बघ, डोक्यावर भारद्वाज बसवलाय सरकारने. तेव्हापासून बांबूच्या बेटात भारद्वाज दिसला की आई हात जोडतात आणि म्हणतात, "दत्ता बरा हाय." यांचा फोन चार-चार दिवस लागायचा नाही, वर बर्फात असले की. तेव्हा मी फोन घेऊन गच्चीत फिरायची आणि आई बांबूच्या बेटाकडे बघत बसायच्या. त्यांचं नेटवर्क माझ्यापेक्षा बरं होतं.

३ एप्रिल
काय सांगू. सगळं फिसकटलं.

शकीलभाई सकाळी टेम्पोतून गेटचं एक दार घेऊन आले. पोतं बाजूला केलं. काय सुरेख काम! एक पाय उचललेला, मान मागे वळवलेली, पाय लांब नि पिवळे, डोळ्यापुढे लाल ठिपका. ठिपका फोटोत होता म्हणून त्यांनी ऑइलपेंटने इमानदारीत काढला.

आई पुढे आल्या. पदराने डोळे पुसले, वाकून बघितलं. पायापासून वर, वरून खाली.

"ही टिटवी हाय," म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही हो, भारद्वाजच, फोटोत...

"मी चालीस वर्सं भात लावलाय गो. माला टिटवी कलत न्हाय? ही माझ्या दारावर न्हाय बसनार."

भारद्वाज शकुनाचा, टिटवी अपशकुनाची. आई आत गेल्या. शकीलभाईंना चहासुद्धा विचारायचं राहिलं. ते बिचारे मलाच विचारत होते, "भाभी, मैंने कुछ गलत बनाया क्या?" काही चुकलं नव्हतं हो. तेच तर झालं.

तन्वीने फोनवर पक्ष्यांचे फोटो काढले. भारद्वाज काळा, पंख विटकरी, डोळा लाल, पाय आखूड. टिटवी म्हणजे आमचं गेट. मी राहनाळची, चाळीत वाढलेली. मला कावळा आणि कबुतर सोडून सगळे सारखेच.

दार भिंतीला टेकवून पोत्याने झाकलंय. खडी तशीच. काम बंद.

५ एप्रिल
यांचा व्हिडिओ कॉल. सरप्राइजचं वाटोळं झालंच होतं, सगळं सांगितलं. यांनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, आईकडे दे.

आईंनी फोन हातात घेतला नाही. मी त्यांच्यासमोर धरून उभी.

"टोपीवर काय हाय रं?"

हे म्हणाले, "टिटवी."

"चोवीस वर्सं?"

"आई, टिटवी सांगितली असती तर सोडलं असतंस का मला?"

"न्हाय."

"म्हणून."

आईंनी कोंबड्यांना दाणे टाकायचं डबडं उचललं आणि अंगणात गेल्या. पडद्यावर हे, मागे परातीएवढं आकाश. मी म्हटलं, तुम्हाला दुसरा पक्षी सुचला नाही? मोर सांगायचा. म्हणाले, मोर आई ओळखते, भारद्वाज जरा लांबून दिसतो. एकविसाव्या वर्षी एवढं डोकं चाललं हेच खूप, म्हणे.

तिन्हीसांजेला शेतात टिटवी ओरडली. रोजच ओरडते. रोज आई ओट्यावरून तिला शिव्या घालतात, जा, दुसरीकडं वरड, माझं पोर लांब हाय. आज तोंड उघडलं आणि मिटलं. मला म्हणाल्या, "एवढी वर्सं मी त्याच्याच पाखराला शिव्या देत व्हते काय गो?"

मी भाकऱ्या करायला घेतल्या.

९ एप्रिल
आई फोनवर येत नाहीत. यांनी रोज विचारायचं, आई? मी रोज सांगायचं, कोंबड्यांत आहेत. एवढं खाऊन कोंबड्या फुगल्यात.

बाळाराम भावजी येऊन गेले. यांचे चुलतभाऊ, गावचं प्रत्येक लग्न आणि वरात त्यांच्याच खांद्यावर. फौजीची मिरवणूक अशी काढायची की पार वाडा गावापर्यंत ऐकू गेली पाहिजे म्हणाले. उघडी जीप, डीजे, फटाके, अंबाडी नाक्यापासून घरापर्यंत. हे वर्दीत, टोपी घालून उभे.

आतून आई आल्या. म्हणाल्या, मिरवा काय मिरवायचं ते. पण उंबऱ्याशी टोपी काढायची. ते पाखरू घेऊन माझ्या घरात यायचं न्हाय.

भावजी माझ्याकडे बघायला लागले. मी आढ्याकडे.

यांना सांगितलं तर म्हणाले, आई म्हणेल तसं. पण मला माहीत आहे. गेल्या वेळी सुट्टीत मी तो बिल्ला भांड्यांच्या पावडरीने घासला तर दोन दिवस रुसले होते. त्या दिवशी, वर्दीच्या शेवटच्या दिवशी, आपल्याच दारात टोपी हातात घेऊन आत यायचं... नको वाटतं मला. यांच्यासाठी नको वाटतं. आईंसाठीही. पोर घरी कायमचं येण्याची वाट ज्या बाईने बघितली तिने त्याच दिवशी तोंड फिरवून ओवाळायचं? देवा, काहीतरी कर बाबा.

१४ एप्रिल
सुट्टी. देवाने केलं, पण जे केलं ते अंगावर काटा आणणारं.

तन्वी कपडे वाळत घालताना ओरडली. खडीच्या ढिगावरून टिटवी उडाली आणि तिच्या डोक्यावरून गेली. जाऊन बघते तर खडीत जरासा खळगा आणि त्यात चार अंडी. खडीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. टोकं आत करून अशी मांडलेली की बघत राहावं. दहा दिवस त्या ढिगाला कुणी हात लावला नव्हता ना. तिला वाटलं, जागा रिकामी आहे.

म्हणजे गेटवरची टिटवी नको म्हणून काम थांबवलं, आणि काम थांबलं म्हणून खरी टिटवी दारात येऊन बसली. मला हसू आवरेना. तन्वी तर खाली बसून हसली.

आई आल्या. बघितलं. आम्ही हसायचं थांबलो.

आईंनी तन्वीचा दंड धरून तिला मागे घेतलं आणि कपड्यांची दोरी सोडून दुसऱ्या बाजूला बांधली.

१६ एप्रिल
भावजी फावडी आणि दोन माणसं घेऊन आले. जीप आत वळायला जागा हवी, खडी पसरून टाकू. आई ढिगापुढे उभ्या राहिल्या. कंबरेला पदर खोचून.

भावजी म्हणाले, काकी, टिटवी हाय ती, अपशकुनी, तूच म्हणतेस.

"आसल अपशकुनी. अंड्यावरनं मी कुनाला उठवत न्हाय."

झालं. माणसं फावडी खांद्यावर टाकून परत गेली. चहा पिऊन.

२० एप्रिल
ऊन भाजून काढतंय. गोडाऊनमध्ये पत्र्याखाली माणसं घामाने न्हाऊन निघतात, डिस्पॅचचं मार्किंग करताना पेन हातातून सुटतं. घरी आले तर आई ओट्यावर बसून टिटवी बघतायत. टीव्ही बंद. सिरियल सोडून टिटवी!

मला बोलावलं. म्हणाल्या, बघ, पानी आनते. टिटवी उडते, विहिरीजवळच्या चिखलात पोट भिजवते, आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. अंडी गार राहावीत म्हणून. मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहिते.

आईंनी तिच्यासाठी उथळ घमेल्यात पाणी ठेवलंय. आणि मला म्हणतात, कोंबड्यांसाठी ठेवलंय. कोंबड्या दुसऱ्या बाजूला आहेत.

दोघंही बसतात, नर आणि मादी, आळीपाळीने. एक उठली की दुसरा. तन्वी म्हणते, आई, ही तुझ्या गोडाऊनसारखी शिफ्ट आहे. हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ उभी राहिले. आमच्याकडे शिफ्ट बदललीच नाही कधी. तन्वीचे ताप, दहावी, आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, घराचा स्लॅब, सगळी एकच पाळी. तक्रार नाही हं. हेही तिकडे बसलेच होते की उघड्यावर. पण आता दुसरा येतोय पाळीला, आणि मला इतका आनंद झालाय की कुणाला सांगायची चोरी.

२४ एप्रिल
व्हि. कॉल. मी मुद्दाम फोन चुलीजवळ डब्याला टेकवून ठेवला आणि आवाज मोठा केला. आई तांदूळ निवडत होत्या. उठून गेल्या नाहीत.

यांना म्हटलं, तुमच्या निशाणाची गोष्ट सांगा, तन्वीला हवी आहे. तन्वी घरात नव्हती, पण यांनी ओळखलं. सांगायला लागले. भरतीच्या पहिल्या आठवड्यात उस्ताद सगळ्यांना पाठ करायला लावतात. फार जुनी गोष्ट. पलटण एका नदीच्या पात्रात मुक्कामाला होती, धुकं पडलेलं, पहारेकऱ्याचा डोळा लागला. पहाटे शत्रू पात्रातून चालत आला आणि टिटवीच्या अंड्यांजवळ गेला. ती किंचाळत उठली, तशी अख्खी पलटण उठली. वाचली. म्हणून टिटवी. एक पाय उचललेला, कारण ती निघायच्या तयारीत असते. मान मागे, कारण आपली माणसं मागे असतात. खालचे तीन म्हणजे तोफेचे गोळे, तीन मोठ्या लढायांचे.

सांगून झालं. इकडे फक्त सुपाचा आवाज.

मग आई फोनकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजे त्या दिशी बी कोनतरी गेलंच. टिटवी वरडली की जातंच. फकस्त पलीकडचं गेलं."

हे तिकडे असे हसले की पडदा हलला. उस्तादने हे कधी सांगितलं नाही म्हणाले. आई हसल्या नाहीत. पण सूप खाली ठेवलं आणि विचारलं, जेवलास काय?

तीन आठवड्यांनी बोलल्या!! पण टोपीचं काही नाही. मी विचारलं तर म्हणतात, बोलले ते बोलले.

३० एप्रिल
शेवटचा दिवस. यांनी सकाळी फोटो पाठवला. परेड ग्राउंड, मागे दगडात कोरलेली भलीमोठी टिटवी, पुढे हे. पोट जरा आत घेतलंय असं वाटतं. आईंना दाखवला. फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाल्या, बारीक झालाय. मग दगडाच्या टिटवीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिची चोच जाड केलीय. अशी नसते."

राहनाळला माझ्या आईचा फोन, गोडाऊनच्या पोरींचे मेसेज. कामात लक्ष नाही. वाड्याचा माल वसईच्या गाडीत चढवत होते. वेळेवर दिसलं.

२ मे
लिहिते. हात दुखतोय, घसा बसलाय, पाय सुजलेत. पण आज नाही लिहिलं तर कधी.

कल्याणला गाडी वेळेवर. अंबाडी नाक्यावर जीप फुलांनी अशी मढवलेली की ड्रायव्हरला समोरचं दिसेना. डीजेवर देशभक्तीची गाणी, मध्येच हळदीचं एखादं, सवय असते ना पोरांना. शकीलभाई दुकानातून हार घेऊन आले. यांनी खाली उतरून मिठी मारली. म्हातारेकोतारे नाचले. मी नाचले! भर रस्त्यात, बाळाराम भावजींच्या बायकोचा हात धरून. हे जीपमध्ये उभे राहून माझ्याकडे असे बघत होते जणू मी कुणी दुसरीच.

आमच्या गावात, दिघाशीत, शिरलो. आमच्या घराचं वळण आलं आणि तिथे आई उभ्या. रस्त्याच्या मधोमध, हात वर करून, ट्राफिक पोलिसासारख्या.

"बाजा बंद."

डीजेवाल्याला वाटलं गंमत. आईंनी पुन्हा सांगितलं, पुढं पाखरू बसलंय अंड्यावर, बाजा बंद, फटाके बंद. आमच्या भागात वरातीचा डीजे घराच्या तोंडाशी बंद झालाय असं आजवर कुणी बघितलं नसेल. एकदम शांत. तीन-चारशे माणसं, ढोलवाल्यांनी ढोल छातीशी धरलेले, आणि सगळे चपला न वाजवता चालतायत. पोरं तोंडावर हात ठेवून हसतायत. भावजी खुणा करून माणसं कडेकडेने काढतायत.

हे जीपमधून उतरले. टोपी डोक्यावर, बिल्ला उन्हात चमकतोय. खडीच्या ढिगाशी आले तशी टिटवी उठली. किंचाळत थेट यांच्यावर! एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, टोपीला पंख घासून गेली. माणसं मागे सरली. हे जागेवर ताठ उभे, हात अंगाला चिकटवून. डोळेसुद्धा हलवले नाहीत. माणूस हलला नाही तर तिला कळतं, हा शत्रू नाही, असं नंतर म्हणाले. दोन-तीन चकरा मारल्या आणि खाली उतरून, मान इकडेतिकडे करत, पुन्हा अंड्यांवर जाऊन बसली.

मग उंबरा. आई ताट घेऊन आत उभ्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला.  यांनी उंबऱ्याशी थांबून हात टोपीला लावला.

"राहू दे," आई म्हणाल्या.

भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पायावर पाणी घातलं. आईंनी कपाळावर कुंकू लावलं. मग टाचा उचलून, हात वर नेऊन, टोपीवरच्या त्या टिटवीलाही लावलं. आधी हळद, मग कुंकू. चोवीस वर्षं रोज घासलेल्या पितळेवर कुंकवाचा डाग!   आई म्हणाल्या, "हिनं जागवलं म्हनून आलास. ये आत."

मी रडले. उगाच खोटं कशाला. तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्याच साडीवर सांडलं, तरी रडतच होते.

बिल्ल्यावर कुंकू अजून तसंच आहे. टोपी देवघराच्या खिळ्याला.

५ मे
घरात पुरुष असण्याची सवय करावी लागणार. चार वाजता उठून अंगण झाडतात. माझे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मीठ सापडेना. आई म्हणतात, लागंल सवय. कुणाला, ते नाही सांगितलं.

आज मायलेकाचं भांडण. पोतं काढून गेटचं दार बघत होते दोघं. हे म्हणाले, तोफगोळे छान गोल कापलेत शकीलभाईंनी. आई म्हणाल्या, कसले गोले? अंडी हायत ती.

यांनी समजावलं, पलटणीच्या पुस्तकात लिहिलंय, गोळे आहेत. आई म्हणाल्या, पुस्तक लिहिनाऱ्यानं टिटवी बघितलीय काय? पायाखाली अंडीच असनार. आनि टिटवी चार घालते. चौथं कुठं हाय? शकीलला सांग, एक लाव.

पलटणीच्या निशाणात कुणी काही वाढवू शकत नाही, असं हे म्हणाले. सुभेदाराच्या आवाजात. आईंनी त्याच्यावरच्या आवाजात म्हटलं, मग चूकच राहू दे निशानीत. दिवसभर दोघं एकमेकांना माझ्यातर्फे बोलत होते. मी दोन्हीकडून चहा प्याले.

गेट लावायचं का, याच्यावर कुणीच काही बोललं नाही.

१३ मे
पिल्लं! सकाळी यांनीच बघितली, अंगण झाडताना. झाडू टाकून धावत आले आत, एवढा दणकट माणूस कुजबुजत सांगतोय, उठ, उठ. कापसाच्या गोळ्याला लांब पाय लावलेत असं ध्यान. लगेच चालतात! आई ओट्यावर, मी यांच्या पाठीमागे, तन्वी फोन घेऊन. दुपारपर्यंत तीन पिल्लं आईबापाच्या मागे मागे शेतात उतरली. आम्ही चौघं उन्हात उभे राहून त्यांना जाताना बघत होतो.

राहनाळला फोन केला, आज रजा. कारण विचारलं. म्हटलं, घरी बाळंतपण.

१७ मे
चौथं अंडं खडीतच राहिलं. टिटव्या परत आल्या नाहीत. हे म्हणाले, त्यात काही नसणार आता. आईंनी ते उचलून पदरात घेतलं.

संध्याकाळी ओट्यावर. आई म्हणाल्या, बघ, आता कललं. तीन चालून गेली, म्हनून निशानीवर तीन. चौथं मागं राहिलं, ते काढलं न्हाय.

मी यांच्याकडे बघितलं. हे शेताकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, आमच्या भरतीच्या बॅचला एकाच खोलीत चौघं होतो. एवढंच. मला यांच्याखेरीज दोघांची नावं माहीत होती. दोघांच्या बायकांशी बोलते मी फोनवर. चौथा होता हे इतक्या वर्षांत कधी बोलले नाहीत.

आईंनी विचारलं, नाव काय त्याचं? यांनी सांगितलं. आईंनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग मी सगळ्यांना भात वाढला आणि यांनी त्याच्या गमती सांगितल्या, चोरून हलवा खायचा, परेडला बूट उलटे घालायचा. तन्वी पोट धरून हसली. हेही. इतकं हसताना मी यांना फोनवर कधी बघितलं नव्हतं, फोनवर तेवढं मावतच नाही.

२१ मे
खडी मोकळी, म्हणून शकीलभाई खांबांचे खड्डे घ्यायला आले. कुणी बोलावलं विचारलं तर म्हणाले, "अम्मा का फोन आया." आईंना फोन लावता येतो हे मला आज कळलं.

उजव्या खांबाच्या खड्ड्यात नारळ ठेवतात तसं आईंनी आधी मूठभर तांदूळ टाकले. मग पदरातून ते चौथं अंडं काढलं आणि यांच्या हातात दिलं. हे खड्ड्यात उतरले, गुडघ्यावर बसले, अंडं तळाशी ठेवलं. वर तीन, खाली एक. उठून मला हळूच म्हणाले, हे नियमात बसतं.

खांब उभा राहिलाय. काँक्रीट वाळायला हवं. गेटचं दार अजून भिंतीलाच टेकलेलं. लावायचं का, हे आईंना सरळ विचारायची यांची छाती होत नाही, मला म्हणतात तू विचार. मी म्हटलं, सुभेदार तुम्ही.

तिन्हीसांजेला ओट्यावर बसलो होतो. आई तांदूळ निवडत होत्या, हे लसूण सोलत होते. शेतातून टिटवी ओरडली. जवळून, मोठ्याने. मी सवयीने आईंकडे बघितलं. आता शिवी येणार.

आईंनी सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला.

"जागी हाय," म्हणाल्या, आणि पुढचे तांदूळ ओढले.